घरची तुतारी व तिची निगा

आपल्या ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखादा तरी ऐतिहासिक लेख असावा, असा प्रघात आहे. इतिहास म्हटला की आपणांस राजे, किल्ले आणि सनदा आठवतात. आपल्या वाडवडिलांना सनदा फारशा कोणी दिल्या नाहीत. देवळापुढे, वरातीपुढे आणि प्रसंगी फौजेपुढे चालणे हा त्यांचा मान. आणि त्या मानाची साक्ष म्हणून त्यांनी मागे ठेवले ते एक पितळी वाद्य. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, चामोर्शी या बाजूच्या आपल्या जुन्या घरांतून ते अजून क्वचित खुंटीला टांगलेले आढळते. कोठे ती तुतारी असते, कोठे शिंग, तर कोठे बँडातले ट्रम्पेट. अलीकडे मी जेथे जेथे विचारपूस केली तेथे पुष्कळदा एकच उत्तर मिळाले : "गुरुजी, ती तडकली होती, मोडीत घातली." कशी तडकली, हे मात्र कोणास सांगता येत नाही. वाजवताना तडकली असे कोणी म्हणत नाही, कारण वर्षानुवर्षे ती कोणी वाजवलेलीच नसते. खुंटीला नुसते टांगलेले पितळ आपोआप तडकावे, ही गोष्ट नवलाची खरी. तिचे कारण ठाऊक आहे, आणि ते शंभर वर्षांपूर्वीच सापडले आहे. ते आपल्या घरांपर्यंत पोचावे म्हणून हा लेख.

प्रथम नावांचा घोळ निस्तरला पाहिजे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका पक्षाचे चिन्ह होते आणि काही अपक्षांना 'ट्रम्पेट' हे चिन्ह मिळाले होते. त्याचेही मराठी नाव 'तुतारी' असेच दिले गेल्यामुळे मतदारांचा गोंधळ झाल्याची तक्रार झाली. राजकारण हा आपल्या स्मरणिकेचा विषय नव्हे. पण ज्यांच्या घरी ही दोन्ही वाद्ये होती त्यांना त्या वादाचे हसू आले असेल. तुतारी आणि शिंग ही वाद्ये पत्रा वळवून, त्याची शिवण झाळून तयार केलेल्या वाकड्या नळ्यांची असतात. नळीचे तुकडे एकात एक बसवायचे असतात. ते एका बाजूस वळवले तर चंद्रकोर होते, उलट फिरवले तर नागमोडी आकार येतो. कर्णा सरळ असतो. बिगुलाची नळी गुंडाळलेली असते, पण तिला पिस्टन नसतात. ट्रम्पेटला तीन पिस्टन असतात, आणि त्याची नळी सरळ केली तर सुमारे साडेचार फूट भरते. या सर्वांत मूळ तत्त्व मात्र एकच. सनईप्रमाणे येथे पात नसते. वाजवणाऱ्याचे ओठ हीच पात. म्हणूनच आजोबा शिंग फुंकीत आणि नातू ट्रम्पेट वाजवतो, यात घराण्याची विद्या बदलली असे मी मानत नाही.

या वाद्याचा जन्म जनावराच्या शिंगातून झाला, हे त्याचे नावच सांगते. आपल्या मुलुखात त्याचे आणखी पुरावे आहेत. सिरोंच्याकडे बोलल्या जाणाऱ्या तेलुगूत शिंगाला 'कोम्मू' म्हणतात. शेजारच्या आदिलाबादच्या राजगोंडांत परधान व तोटी हे परंपरागत वादक. त्यांच्या वाद्यांत 'कालिकोम' नावाची तुतारी असते. १९४० नंतरच्या काळात हायमेनडॉर्फ या संशोधकाने त्या लोकांत राहून त्यांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्या वेळी आपला राजुरा तालुका हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ साली तो नांदेडात गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. तेव्हा 'कालिकोम' हे काही परमुलखातले वाद्य नव्हे.

चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे चांद्याचा कोट पडला. पुढे फौजेतल्या शिंगाची जागा बिगुलाने घेतली. एक योगायोग पाहण्याजोगा आहे. त्याच १८१८ साली बर्लिन येथे श्टोल्झेल आणि ब्लुमेल या दोघा जर्मन वादकांनी वाद्याच्या नळीला झडप बसवण्याच्या युक्तीचा एकस्वाधिकार मिळवला. १८३९ साली पॅरिसच्या पेरिने याने पिस्टनला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजच्या ट्रम्पेटमध्ये आहे. लष्करी बँडांतून ही वाद्ये हिंदुस्थानात आली, लष्करातून वरातीत उतरली, आणि मेरठच्या जली कोठी भागात ती बनवण्याचा मोठा धंदाच उभा राहिला. बल्लारशाह–काझीपेठ लोहमार्ग १९२९ साली पूर्ण होऊन दिल्ली–मद्रास ही सरळ वाट चांद्यावरून जाऊ लागली. मग मेरठचे ट्रम्पेट आपल्या गावी येण्यास कसली अडचण राहिली?

आता निगेकडे वळू. या विषयातील सर्वांत जुना धडा मिसर देशातला आहे. १९२२ साली तुतनखामेन राजाची कबर सापडली. तीत एक रुप्याची व एक ब्राँझची अशा दोन तुताऱ्या होत्या. त्या तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या. दोहींच्या पोटात त्यांच्याच आकाराचे लाकडी गाभे बसवलेले होते. पातळ पत्रा दबू नये, त्यास पोचा पडू नये, म्हणून ही योजना. ज्यांनी ते ठेवले त्यांना वाद्य वाजवण्याइतकेच ते ठेवण्याचेही ज्ञान होते, असे म्हटले पाहिजे. आमची विद्वान पिढी पुढे काय करती झाली? १९३९ साली कैरोच्या संग्रहालयातून त्या तुताऱ्यांचा नाद रेडिओवर ऐकवण्यात आला. पण त्याआधी करून पाहिलेल्या प्रयोगात रुप्याची तुतारी भंगली आणि ती दुरुस्त करावी लागली. तीन हजारांहून अधिक वर्षे जी अंधारात शाबूत राहिली, ती माणसांच्या उत्साहापुढे टिकली नाही.

आपल्या खुंटीवरच्या तुतारीला मात्र उत्साहाची बाधा झालेली नाही. तिचे दुखणे निराळे आहे आणि त्याचा शोध आपल्याच देशात लागला. इंग्रज फौजेची काडतुसे पितळेची असत. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की ती घोड्यांच्या पागांतून साठवून ठेवीत. पावसाळा संपल्यावर पाहावे तो कित्येक काडतुसांना तडे गेलेले! कोणी हात लावला नाही, कोणी आपटले नाही, तरी पितळ चिरलेले. हे ठरावीक ऋतूत होते म्हणून इंग्रजीत या दुखण्याचे नावच 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे ऋतुतडा, असे पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनी त्याचे कारण सिद्ध केले. जनावरांच्या मुतातून अमोनिया वायू सुटतो. नाकाला झोंबणारा गोठ्याचा तो वास आपणां सर्वांस परिचित आहे. दमट हवेत हा वायू पितळेवर बसतो. ज्या पितळेत घडवतानाचा ताण शिल्लक असेल, ते त्या वायूने आतून चिरत जाते. दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. ताण नसेल तर वायू एकटा तडा पाडीत नाही, आणि वायू नसेल तर ताण वर्षानुवर्षे मुकाट्याने पत्र्यात बसून राहतो.

आता आपल्या घरांचा विचार करा. तुतारीचा भोंगा हातोडीने ठोकून पसरवलेला असतो. कारागिराने तो मधूनमधून तापवून नरम केला असेल तर बरे, नाहीतर ताण त्यात राहिलेलाच असतो. आणि असे वाद्य आपण टांगतो कोठे? झाडीपट्टीतल्या जुन्या घरांत गोठा घराला लागूनच असतो. मोठे, अवजड वाद्य माजघरात अडचण करते. म्हणून ते नांगर, दोर आणि जू यांच्या शेजारी गोठ्याच्या भिंतीला जाते. त्यात आपल्याकडचा पाऊस. गडचिरोलीच्या रानात चार महिने भिंतींची ओल हटत नाही. इंग्रजांच्या पागेतील काडतुसांची जी गत झाली, तीच आपल्या पणजोबांच्या तुतारीची झाली. मी पाहिलेल्या तडकलेल्या वाद्यांत चीर बहुधा भोंग्याच्या काठाशी किंवा सांध्याच्या बांगडीजवळ होती. ताण अधिक असतो तो तेथेच.

यासाठी निगेची पहिली गोष्ट एवढीच, की वाद्य गोठ्यातून हलवावे. ते घरात, चुलीपासून दूर, आतल्या भिंतीला असावे. शेणखताच्या खड्ड्याकडील भिंत, न्हाणीघर आणि युरियाची पोती यांचे सान्निध्य टाळावे. कल्हईवाला भांड्यांना कल्हई करताना जो नवसागर वापरतो, त्याच्या धुरातही अमोनिया असतो. तेव्हा तो अंगणात बसला असता वाद्य तेथे ठेवू नये. हे काम फुकटचे आहे आणि त्याने जितके वाद्य वाचेल तितके दुसऱ्या कशानेही वाचणार नाही.

दुसरा शत्रू आपल्या तोंडात आहे. हे लिहिताना काही सभासद रागावतील, रागावोत बापडे. चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा ज्याच्या गालात नाही असा वादक दिवा घेऊन शोधावा लागतो. सुपारीचे कण, तंबाखूची भुकटी आणि चुना हे सर्व फुंकीबरोबर नळीत जाते, लाळेने तेथेच चिकटते आणि ओलावा धरून ठेवते. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण. वाद्याच्या पिवळ्या पितळेत साधारणपणे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते. साचलेल्या ओलाव्यात प्रथम जस्त विरघळून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे राहते. पिवळ्या पत्र्यावर आतून गुलाबी-लालसर ठिपके उमटू लागले, की समजावे पत्रा मुखाकडून कुजू लागला आहे. हे ठिपके घासून जात नाहीत, कारण ते डाग नसून भोके पडण्याची पूर्वतयारी असते. खर्रा कायमचा सुटला तर डॉक्टरही आनंदित होतील. ते न साधले तर निदान वाजवण्यापूर्वी दोनदा खळखळून चूळ भरावी आणि सरबत किंवा गोड चहा पिऊन लगेच वाद्य तोंडी लावू नये. वाजवणे संपल्यावर नळीतील पाणी झटकून काढावे. ट्रम्पेटला त्यासाठी खाली कळ असते. तुतारीचे तुकडे सुटे करून उभे धरावे.

हा प्रश्न केवळ पत्र्याचा नाही. अमेरिकेतील एका ट्रॉम्बोनवादकाचा खोकला पंधरा वर्षे बरा होईना. अखेर त्याच्या वाद्याच्या पोटात जंतू व बुरशी सापडली, वाद्य स्वच्छ केल्यावर त्याचा आजार हटला. २०१० साली हे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इंग्लंडातील एक बॅगपाइपवादक तितका सुदैवी नव्हता. फुप्फुसाच्या अशाच आजाराने तो २०१४ साली वारला आणि त्याच्या वाद्यात नाना प्रकारची बुरशी आढळली. आपल्याकडे खुंटीवरची तुतारी दसऱ्याला खाली काढायची आणि न धुता पोराच्या तोंडी द्यायची, अशी रीत आहे. चार महिन्यांच्या पावसाळ्यानंतर तिच्या पोटात काय काय वाढले असेल, याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी करावा.

वाद्य धुणे ही अवघड बाब नाही. परातीत कोमट पाणी घ्यावे. ते कढत असू नये, कारण कढत पाण्याने ट्रम्पेटवरचा चकचकीत थर सुटून येतो. पाण्यात साध्या साबणाचा फेस करावा. ट्रम्पेटचे पिस्टन प्रथम काढून वेगळे ठेवावेत. त्यांवर १, २, ३ असे आकडे असतात आणि ज्याचे घर त्यालाच द्यावे लागते, अदलाबदल केल्यास वाद्य फुंक घेत नाही. पिस्टनवरच्या नमद्याच्या चकत्या भिजवू नयेत. सरकणाऱ्या नळ्या काढून लवचीक तारेच्या ब्रशाने आतून साफ कराव्यात. असा ब्रश नसल्यास मऊ चिंधीला दोरा बांधून ती नळीतून ओढून घ्यावी. सरळ काठी खुपसू नये. मग स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत, कापडावर, पूर्ण वाळू द्यावे. नेहमी वाजणारे वाद्य महिन्या-दोन महिन्यांनी आणि मुखाचा तुकडा आठवड्याला धुतला म्हणजे पुरे. मुखाचा तुकडा अडकून बसला तर पक्कड लावून पिळू नये. त्या एका पिळ्याने पुढची नळी मुरडते आणि दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीला जाऊन भिडतो. तो ओढून काढण्याचे खास यंत्र बँडवाल्यांजवळ असते.

चिंच आणि राख यांविषयी घरातील मायबहिणींशी माझा जुना वाद आहे. चिंचेने पितळ लखलखते, यात शंका नाही. पण चिंचेच्या आंबटात वरच्या मळाबरोबर जस्तही जाते. चिंच लावून वाद्य तासभर ठेवले तर ते तांबूस दिसू लागते, ते याच कारणाने. तांब्या, घागर, परात यांचा पत्रा जाड असतो, त्यांना हे सोसते. ट्रम्पेटचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. राखेने दर सणाला घासता घासता दोन पिढ्यांत कारागिराने कोरलेली खूण बोटाला लागेनाशी होते, आणि मग हे वाद्य कोणी, कोठे घडवले हे सांगणारा एकमेव लेख पुसला जातो. जुन्या तुतारीवर जो काळसर-तपकिरी रंग चढतो तो घाण नव्हे. तो राहू द्यावा. हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर ती ओल्या फडक्याने पुसावी, कोरडे करावे, बस्स. खंडेनवमीला हळदकुंकू अवश्य वाहावे. ते दुसऱ्या दिवशी पुसून घेतल्याने देवीचा कोप होत नाही.

ट्रम्पेटवरच्या त्या चकचकीत थराला लॅकर म्हणतात. हा शब्द आपल्या 'लाख' या शब्दातूनच निघाला. पळस आणि कुसुम या झाडांवर आपल्या रानात जी लाख होते, तिचाच पातळ थर पूर्वी पितळी उपकरणांवर देत असत. आता रासायनिक थर देतात. अशा थराच्या वाद्याला चिंच, राख, पितळेची पूड यांपैकी काहीही लावायचे नाही. मऊ, किंचित ओलसर फडक्याने हाताचा घाम पुसायचा, एवढेच.

तेलाचीही तीच गोष्ट. खोबरेल थंडीत थिजते, मोहाच्या बियांचे तेल तर त्याहून लवकर गोठते. दोन्ही कालांतराने चिकट होऊन पिस्टन जखडून टाकतात. पिस्टनला त्याचेच पातळ तेल लागते आणि ते वाद्यांच्या दुकानात मिळते. जुने बँडवाले रॉकेलच्या दोन थेंबांवर काम भागवीत. सरकणाऱ्या नळ्यांना व्हॅसलीनचा हलका हात पुरतो. तुतारीच्या सांध्यांना पूर्वापार मेण लावतात, ते उत्तम. आपल्या रानातल्या मधमाश्यांचे मेण याला अगदी योग्य आहे. मात्र चांद्याचा वैशाख ध्यानात ठेवावा. उन्हात ठेवलेल्या वाद्याचे मेण मऊ होऊन ओघळते आणि सांध्यातून फुंक निसटू लागते.

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर या भागातील सभासदांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. कोळशाच्या खाणी आणि ऊर्जानगरचे वीजकेंद्र यांच्या परिसरात हवेत धूळ आणि गंधकयुक्त धूर असतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केलेल्या पाहणीत चंद्रपूरची गणना अति प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. अशा हवेत उघडे पितळ लवकर काळवंडते. तेथे वाद्य कोरड्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून पेटीत ठेवावे. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्याच्या पटात तुतारी गुंडाळून ठेवली, ती काही अज्ञानाने नव्हे. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नये. ओल आतच कोंडते. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, ऊन पडले म्हणजे, पेटी उघडून वाद्य वाऱ्यावर ठेवावे आणि घरातील कोणी तरी ते वाजवावे.

आधीच तडा गेलेला असेल तर मोडवाल्याला हाक मारण्याची घाई करू नका. मोडीत पितळेचा भाव मिळतो, घडणावळीचा मिळत नाही. दोन शेर पितळेचे पैसे हाती येतात आणि शंभर वर्षांची वस्तू भट्टीत जाते. तडा वाढू नये म्हणून वाद्य प्रथम गोठ्याबाहेर आणावे आणि त्याला वाकवू-दाबू नये. पोचे काढणे व डाख लावणे हे जाणत्या कासाराचे किंवा वाद्ये दुरुस्त करणाऱ्याचे काम आहे. आपल्याला जवळचे म्हणाल तर वैनगंगेच्या वरच्या अंगाला भंडारा आहे. पितळी भांड्यांसाठी ते जुने प्रसिद्ध गाव असल्याने तेथे पितळ जाणणारा हात शोधता येईल. वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नये. तेथील आच या पत्र्याला सोसत नाही. दुरुस्तीनंतर ते वाजले नाही तरी हरकत नाही, ते घरात राहिले पाहिजे.

ज्यांच्या घरी असे वाद्य आहे त्यांनी एका कागदावर त्याचे वजन, लांबी, तुकड्यांची संख्या, त्यावरील खुणा किंवा अक्षरे, ते कोणाच्या वेळचे आहे आणि कोणत्या देवळाशी वा गावाशी त्याचा संबंध होता, हे लिहून काढावे आणि एक प्रत संघाच्या कार्यालयात द्यावी. वृद्ध मंडळी हयात आहेत तोवरच हे होण्याजोगे आहे. घरातली प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. नळीत कोंबून ठेवू नये; कागद ओल धरतो, आणि नळी आतून कुजण्यास तेवढेही पुरते.